जत्रेचे प्रूफ आणि तीन संविधाने

मंडळाच्या गेल्या बैठकीत "घरातले जुने कागद घेऊन या" असे ठरले, म्हणून मी आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी एक हँडबिल सापडले. 1949 सालचे, फोंडा महालातल्या आमच्या गावच्या जत्रेचे. नीट पाहिले तर ते छापखान्यातले प्रूफ होते. वर देवीचे नाव, खाली पालखीची वेळ, मग रात्रीच्या संगीत नाटकाची जाहिरात. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का, 'व्हिझादु पेला सेंसुरा'. म्हणजे सेन्सॉरने पाहिले आहे. शेवटच्या ओळीत 'सर्वांनी एकजुटीने यावे' असे होते, त्यातला 'एकजुटीने' हा शब्द लाल पेन्सिलने काटलेला.

आजोबा सांगायचे, "पालखी कोण अडवीत नव्हते रे, तोंड तेवढे अडवायचे." लहानपणी ती थट्टा वाटायची. आता त्यामागचा कायदा काय होता ते पाहू.

पोर्तुगीज राजेशाहीच्या 1826 च्या सनदेत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. नव्या काबिजादींतल्या हिंदूंना पूजाअर्चेची मोकळीक होती खरी, पण ती राज्यकर्त्यांच्या आश्वासनावर, बरोबरीच्या हक्काने नव्हे. 5 ऑक्टोबर 1910 रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि चित्र पालटले. 1911 च्या संविधानाने सर्व धर्मांना समान मानले. विचार मांडायला आधी परवानगी वा सेन्सॉर नको, गैरवापर झाला तर मागाहून शिक्षा, असेही त्यात स्पष्ट होते. गोव्यातल्या हिंदू समाजात त्या काळी केवढा उत्साह आला! मडगावचे गोमंत विद्या निकेतन 1911 चेच.

ही हवा फार टिकली नाही. 1926 मध्ये पोर्तुगालात लष्करी उठाव झाला आणि सेन्सॉर आला. पुढे सालाझारचे संविधान 11 एप्रिल 1933 रोजी अमलात आले. त्या वेळी हक्क लिहिलेलेच नव्हते का? होते! आठव्या कलमात धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, विचार मांडण्याचेही आहे. पण खाली एक पोटकलम जोडले होते. हे स्वातंत्र्य कसे वापरायचे ते खास कायदे ठरवतील, आणि जनमत 'बिघडू' नये म्हणून आधीच प्रतिबंध करता येईल, असा त्याचा आशय. तो खास कायदा निघाला कधी? त्याच दिवशी, 11 एप्रिललाच. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले.

आमच्या प्रूफावर नेमके हेच दिसते. पालखीची वेळ तशीच राहिली, माणसांना जोडणारा शब्द गेला. जत्रा म्हणजे नुसती पूजा नव्हे. नाटक, कीर्तन, चार गावांनी एकत्र बसणे हे सगळे तिच्यात येते. बोलण्यावर पहारा बसला की धर्माचे स्वातंत्र्यही गाभाऱ्यापुरते उरते. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे न्यावी लागे, असे जुनी माणसे सांगतात. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस मडगावला सभेत उभे राहिले, ते मुळात या बंदीविरुद्ध. दोघांनाही अटक झाली.

भारताचे संविधान आपल्याला लागू झाले ते 1961 च्या मुक्तीनंतर. आता बघा, त्यातही बंधने आहेतच. कलम 19 मधले भाषणस्वातंत्र्य आणि कलम 25 मधले धर्मस्वातंत्र्य, दोन्ही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता अशा कारणांनी मर्यादित होतात. मग फरक कुठे? भाषणावरचे बंधन संविधानात लिहिलेल्या कारणांपैकीच एखाद्यासाठी हवे, ते वाजवी हवे, आणि ते वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासते. हक्क मोडला तर कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. 26 मे 1950 रोजी त्या न्यायालयाने एकाच दिवशी उजव्या विचाराच्या 'ऑर्गनायझर'वरचा पूर्व-सेन्सॉर आणि डाव्या विचाराच्या 'क्रॉस रोड्स'वरची मद्रासमधली बंदी, दोन्ही रद्द केली. लगेच 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन बंधनांची कारणे वाढली, आणि 'वाजवी' हा शब्दही तेव्हाच आला.

आपण फुशारकी मारायचे कारण नाही. 1975 च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला, मुक्तीला चौदा वर्षेही झाली नव्हती. आजोबांनी तेव्हा हे प्रूफ पुन्हा बाहेर काढले होते, असे वडील सांगतात. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली. आता युद्ध वा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीतच कलम 19 आपोआप बाजूला पडते.

म्हणून मला वाटते, संविधान वाचताना हक्काच्या ओळीवर थांबू नये, खालचे पोटकलमही वाचावे, आणि तक्रार कुठे नेता येते ते पाहावे. शिक्क्याचे असे कागद, पत्रिका, नाटकाच्या वह्या कुणाच्या घरी असतील तर पुढच्या बैठकीला जरूर आणा. लाल पेन्सिलीने काय काय काटले, त्याची एक यादी तरी आपण करू या.