समुद्र कोठें गेला?

पाठीवर पिशवी टाकून, खिशांत मोजके पैसे घेऊन गांवोगांव हिंडण्याची हौस आजच्या तरुणांना आहे, आणि ती स्तुत्यच आहे. माझ्या परिचयाच्या दोन विद्यार्थ्यांनीं एका हिवाळ्यांत असाच बेत केला. मुंबईहून लाँचनें मांडव्यास, तेथून मोटारीनें अलिबागेस, आणि सूर्यास्ताला समुद्रावर! चांदणेंहि मिळावें म्हणून दिवस मुद्दाम पौर्णिमेचा निवडला. सहा वाजतां येऊन पाहतात तों समुद्र जागेवर नाहीं! निळ्या लाटांऐवजीं काळसर ओल्या वाळूचें मैदान पसरलेलें, आणि पाण्याची रेघ कोठें तरी दूर. छायाचित्रांनीं आपणांस फसविलें, असें त्यांना वाटलें.

वस्तुतः त्यांनीं पंचांग पाहिलें नव्हतें, इतकेंच. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेंत येतात, दोघांचें आकर्षण एकवटतें व समुद्रास उधाण येतें. परंतु ज्या दिवशीं भरती मोठी, त्या दिवशीं ओहोटीहि मोठी, हें आपण विसरतों. मुंबई-अलिबागच्या बाजूस उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारें ४ मीटर वरखालीं होतें. गोव्याकडे त्याच्या निम्म्यानेंच. सपाट किनाऱ्यावर ४ मीटरांची उतरण म्हणजे पाणी शेंकडों पावलें मागें हटणें होय.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडील जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जी संख्या येईल, त्या सुमारास मुंबईकडे भरती पूर्ण होते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. यांत अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरावा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनीं ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळीं समुद्र सर्वांत दूर असावयाचा, हें ठरलेलेंच होतें.

आतां रंगाविषयीं. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्यांवाटे समुद्रास मिळतो. म्हणून येथील वाळू काळसर. भरती-ओहोटीच्या जोरानें तळचा गाळ सतत ढवळला जातो. म्हणून पाणी मातकट. शहरांची घाण त्यांत भर घालते, हें नाकारतां येत नाहीं. पण घाण नसती तरी हें पाणी चित्रांतल्यासारखें निळें दिसलें नसतें.

आमच्या विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र निराशेवर संपली नाहीं. समुद्र येत नाहीं तर आपणच जाऊं, म्हणून ते वाळू तुडवीत कुलाबा किल्ल्याच्या तटापाशीं गेले व चांदण्यांत गप्पा मारीत बसले. आठ वाजतां परत वळले, तों वाट पाण्याखालीं! चढतें पाणी नेहमीं समोरूनच येतें असें नाहीं. तें प्रथम सखल जागीं शिरतें, आणि आपली पाठ किनाऱ्याकडे असतां परतीची वाट मुकाट्यानें बंद करतें. ओहोटीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या तासांत तर त्याचा वेग सर्वांत अधिक. पाणी कमरेस लागलें तेव्हां एका वृद्ध कोळ्यानें हांक मारून, हात धरून त्यांना बाहेर काढलें. "बाबांनो, आज पुनव हाय, येवढंबी ठावं न्हाई?" एवढेंच तो बोलला.

सूर्यास्तीं पाणी पायाशीं हवें असेल, तर अष्टमीच्या सुमारास जावें. किल्ल्यापर्यंत पायीं जावयाचें असेल, तर पौर्णिमा वा अमावास्येनंतर दोन दिवसांनीं सकाळच्या ओहोटीस जावें. पाणी उतरत असतांना निघावें, आणि तें चढूं लागण्यापूर्वीं परतावें. स्थानिक माणसास विचारल्याशिवाय मात्र पाऊल टाकूं नये.

छायाचित्र खोटें नसतें; तें एका ऋतूचें, एका घटकेचें असतें. उरलेल्या घटकांचा समुद्र पाहावयाचा, तर पाठीवरच्या पिशवींत चार आण्यांचें नव्हे, पण एक लहानसें पंचांग अवश्य असावें.