लीलावतीतील मोर आणि साप : एकसमान गतीचे प्राचलिक वर्णन

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) काटकोन त्रिकोणासंबंधीचे एक उदाहरण आहे. नऊ हात उंच स्तंभाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि स्तंभावर मोर बसला आहे. उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून बिळाकडे येणारा साप पाहून तो त्याच्यावर तिरपा झेपावतो. दोघांची गती समान, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल?

ग्रंथकारांची रीत थोडक्यात अशी : स्तंभाच्या उंचीचा वर्ग ८१, त्यास २७ ने भागले असता ३, ते २७ मधून वजा करून उरलेल्या २४ चे अर्ध १२. बिळापासून १२ हात हे उत्तर निर्दोष आहे. परंतु या रीतीत काळाला कोठेच स्थान नाही. श्लोकात मोर झेपावतो, साप सरपटतो. गणितात मात्र एक निश्चल त्रिकोण तेवढा उरतो. हरवलेली ही हालचाल समीकरणात परत आणणे, हेच प्राचलिक पद्धतीचे कार्य होय.

त्यासाठी आरंभबिंदू हवा. तो श्लोकानेच निवडलेला आहे, कारण अंतर बिळापासून विचारले आहे. बिळापासूनचे आडवे अंतर क्ष व उभे अंतर य मानू. (या जोडीला मराठीत निर्देशक म्हणतात, हिंदीत निर्देशांक, मराठीत निर्देशांक म्हटले की भाववाढीचा आकडा डोळ्यांपुढे येतो. भारतीय भाषांची परिभाषा एक करू पाहणाऱ्यांनी अशा जागा ध्यानात ठेवाव्यात.) एक हात अंतर कापण्यास लागणाऱ्या काळाला येथे ‘क्षण’ म्हणू आणि लोटलेल्या क्षणांची संख्या ट मानू. हा ट म्हणजेच प्राचल. तो आकृतीत कोठेही दिसत नाही, पण क्ष आणि य हे दोन्ही त्याच्याच तंत्राने बदलतात.

सापाचे स्थान : क्ष = २७ − ट, य = ०. मोर एका क्षणात अ इतका आडवा आणि ब इतका खाली जात असेल, तर त्याचे स्थान : क्ष = अट, य = ९ − बट; आणि त्याचीही गती क्षणाला एक हात असल्यामुळे अ² + ब² = १. गाठ पडावयाची तर एकाच क्षणी अट = २७ − ट आणि बट = ९ असले पाहिजे. दोहोंचे वर्ग करून मिळवले की ट² = (२७ − ट)² + ८१, म्हणजे ५४ट = ८१०, म्हणून ट = १५. साप तेव्हा १२ हातांवर असतो. अ = ४/५, ब = ३/५.

आता मोराच्या दोन समीकरणांतून ट काढून टाकला, तर ३क्ष + ४य = ३६ ही सरळ रेषा मिळते. हा त्याचा मार्ग. तो सापाच्या मार्गाला १२ हातांवर छेदतो, आणि मोर तीन क्षण उशिरा निघाला तरी तेथेच छेदील. मात्र मोर १८ व्या क्षणी तेथे पोचेल तेव्हा साप ९ हातांवर गेलेला असेल. मार्गांचा छेद आणि चालणाऱ्यांची युती या भिन्न गोष्टी आहेत. भास्कराचार्यांनी येथे युती हा शब्द वापरला आहे, आणि ग्रहगणितातही तोच रूढ आहे. त्यांचा ‘गती’ हा शब्द मात्र कापलेले अंतर आणि वेग या दोहोंना लागू पडतो. दोघे एकाच क्षणी निघतात म्हणून येथे दोन्ही अर्थांनी उत्तर एकच येते. उशिरा निघणाऱ्या मोराच्या बाबतीत ते येणार नाही.

‘तिर्यक्’ या शब्दात आणखी एक गृहीत दडले आहे. मोर सापाकडे झेपावत नाही, साप जेथे असणार आहे त्या जागेकडे झेपावतो. त्याने प्रतिक्षणी सापावरच नजर ठेवून दिशा बदलली, तर अ आणि ब स्थिर राहणार नाहीत व मार्ग वक्र होईल. या पाठलाग-वक्राचा विचार फ्रेंच गणिती प्येर बूगेर यांनी १७३२ मध्ये केला. समान वेगाच्या अशा पाठलागात दोघांमधील अंतर आणि सापाच्या दिशेने मोजलेली त्याची मोरापुढील आघाडी यांची बेरीज कधीच बदलत नाही. आरंभी अंतर सुमारे २८.४६ हात आणि आघाडी उणे २७. बेरीज सुमारे १.४६. गाठ पडायची तर ही दोन्ही मापे शून्य व्हावयास हवीत, ती होणे शक्य नाही. आणि २७ व्या क्षणी साप बिळात शिरतो.