लेख घ्या, पण नाव विचारू नका!

आमच्या महिला मंडळाचा वार्षिक अंक दर संक्रांतीला निघतो. चाळीस पानांचा असतो. त्यात अष्टविनायक यात्रेचं वर्णन असतं, उखाणे असतात, दोन-चार कविता असतात आणि निम्म्याहून अधिक पाककृती असतात. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तिळगुळाच्या पुडीबरोबर एक प्रत मिळते. संपादनाचं काम आळीपाळीनं येतं. यंदा ते माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते हसत हसत घेतलं होतं. म्हटलं, शुद्धलेखन तपासायचं, छापखान्यात दोन खेपा घालायच्या, एवढंच तर आहे!

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मंडळाच्या सूचनापेटीत एक बंद पाकीट सापडलं. आत रेघी कागदाची चार पानं होती. अक्षर सुबक होतं आणि खाडाखोड फारशी नव्हती. शेवटी दोनच ओळी होत्या : नाव छापू नये. कोणी लिहिलं ते विचारूही नये.

मजकूर असा होता. एका बाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली. पगार त्यांच्या नावावर जमा व्हायचा, पण पासबुक, चेकबुक आणि पुढे आलेलं एटीएमचं कार्ड, सगळं यजमानांच्या कपाटात असायचं. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या कोऱ्या चेकवर सह्या करून द्यायच्या आणि बसभाड्याचे पैसे मोजून घ्यायच्या. माहेरी भाच्याच्या मुंजीला आहेर करायचा तरी हात पसरायचा! घरात मारहाण नाही, शिवीगाळ नाही, लोकांच्या दृष्टीनं सोन्यासारखा संसार. निवृत्त झाल्यावर फंडाची रक्कम आली आणि तीही कुठे गेली ते त्यांना कळलं नाही, कारण बँकेत दिलेला मोबाइल नंबरसुद्धा यजमानांचाच. बँकेचे संदेश त्यांनाच जायचे. ‘आता मागून उपयोग नाही,’ असं त्यांनी लिहिलं होतं, ‘पण आपल्या मंडळात नव्यानं येणाऱ्या मुलींनी पहिल्या पगाराच्या दिवशीच हे वाचावं.’

वाचता वाचता माझा चहा गार झाला.

समितीच्या बैठकीत मी ती पानं वाचून दाखवली. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आमच्या चिटणीसबाई म्हणाल्या, “छापलंच पाहिजे. शंभर पाककृतींच्या तोडीचं आहे.” त्यावर खजिनदार काकू ताडकन म्हणाल्या, “बिननावाचं काहीही छापायचं नाही. लिहायची हिंमत आहे ना, मग सही करायची हिंमतही हवी!”

काकू एरवी मवाळ. एवढ्या का चिडल्या ते मला कळेना. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, “सही करता आली असती तर त्या बाईला चार पानं लिहावी लागलीच नसती.” झालं! काकू उठल्या आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या. मी मागोमाग गेले, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते वीस वर्षांच्या शेजारात आम्हांला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिकेचं प्रूफसुद्धा आलं. आणि वराकडच्यांना एक पत्र गेलं. ‘मुलीच्या अंगावर पांढरे डाग आहेत, आईबापांनी लपवलं आहे,’ एवढाच मजकूर. खाली सही : ‘तुमचा एक हितचिंतक.’ मुलीच्या अंगावर कसलाही डाग नव्हता. पण वराकडच्यांनी पत्राचं नाव न घेता, ‘पत्रिका नीट जुळत नाही’ असं कळवलं. पत्र आलं होतं हे काकूंना सहा महिन्यांनी एका मध्यस्थाकडून कळलं. मुलगी पुढे चांगल्या घरी पडली, आज दोन मुलांची आई आहे. “पण अजून,” काकू म्हणाल्या, “लग्नकार्यात कोणी फार प्रेमानं जवळ येऊन चौकशी केली की वाटतं, हीच का ती?”

मैत्रिणींनो, आता सांगा, कोणाची बाजू घ्यायची?

मी घरी आले आणि ओट्याशी उभी राहूनही तोच विचार करत राहिले. आपल्याकडे बिननावाच्या लेखनाला दोन घराणी आहेत, असं मला वाटू लागलं. एक त्या हितचिंतकाचं. आणि दुसरं?

दुसऱ्या घराण्यात पहिली आठवली ती रखमाबाई. वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. मोठी झाल्यावर तिनं नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला आणि १८८४ साली नवऱ्यानं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. दावा चालू असतानाच, १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दोन पत्रं छापून आली. एक बालविवाहावर, दुसरं विधवांवर लादल्या जाणाऱ्या वैधव्यावर. खाली नाव नव्हतं, नुसतं ‘एक हिंदू स्त्री’. त्या सह्यांमागे रखमाबाईच होती हे पुढे उघड झालं. तिनं तेव्हा नाव घातलं असतं तर काय झालं असतं? लोकांनी पत्रातला मुद्दा वाचलाच नसता. ‘ही तर दाव्यातली बाई, आपल्याच सोयीचं बोलणार,’ म्हणून कागद बाजूला ठेवला असता. नाव झाकलं म्हणून निदान काही काळ तरी म्हणणं उघडं राहिलं.

पण गंमत पाहा. हीच रखमाबाई कोर्टात मात्र स्वतःच्या नावानं उभी होती. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगवास, असा निकाल दिला, तेव्हा ती तुरुंगात जायला तयार झाली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन ते प्रकरण मिटलं. ती विलायतेला गेली, १८९४ साली डॉक्टर झाली आणि पुढे सुरत-राजकोटला बायकांची इस्पितळं तिनं सांभाळली. नाव झाकणारी बाई भित्री असते, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

तसंच दुसरं नाव विभावरी शिरूरकर. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं आणि मराठी घरांत खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे असं उघड कोणी लिहिलंच नव्हतं. ही विभावरी कोण, बाई की पुरुष, यावर तर्क लढवले गेले. होत्या त्या बाळूताई खरे, म्हणजे लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. शिक्षिकेचं काम करणारी अविवाहित मुलगी. त्या काळी पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांची रांग लागली असती! आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जगाला नाव ठाऊक नव्हतं, पण प्रकाशक ह. वि. मोटे यांना होतं. कुणीतरी एक जण तिच्यासाठी उभा होता.

पुरुषांनीही हे केलंच की. ‘लोकहितवादी’ म्हणून ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून पत्रं लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. ‘ललित’ मासिकातून साहित्यिकांच्या टोप्या उडवणारा ‘ठणठणपाळ’ म्हणजे जयवंत दळवी. पुरुषानं टोपणनाव घेतलं तर ती ऐट, बाईनं घेतलं तर मात्र भ्याडपणा, असं का, हे मला अजून कळलेलं नाही.

अर्थात उलटी उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिते, ते स्वतःच्या नावानं. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली, तीही उघड नावानं. टीका इतकी झाली की त्यानंतर त्यांनी लिहिलेलं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. जोतीराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरीही नाही. नाव घालण्याची किंमत काय असते, तर ही.

मग काकूंच्या घरी आलेलं ते पत्र आणि आमच्या पेटीतलं हे पाकीट, यांत फरक कसा ओळखायचा? मी दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून पाहिली. हितचिंतकानं दुसऱ्याचं नाव लिहिलं आणि स्वतःचं लपवलं. आमच्या बाईंनी स्वतःचं लपवलं आणि दुसऱ्या कुणाचंच लिहिलं नाही. हितचिंतकाचं पत्र एकाच घरी, बंद पाकिटातून गेलं. ज्या मुलीबद्दल होतं तिला ते वाचायलासुद्धा मिळालं नाही. आमच्या बाईंना मात्र चारचौघींसमोर छापून हवं होतं. कायद्यालाही हा फरक कळतो. नाव लपवून धमकी देणाऱ्याला जुन्या भारतीय दंड संहितेत वेगळी जादा शिक्षा होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. त्याच कायद्यात, जिच्यावर बलात्कार झाला तिचं नाव छापणं हाही गुन्हा आहे.

आणि आपल्या या साप्ताहिकांचंच घ्या ना. सल्ल्याच्या सदरात ‘सौ. अ. ब. क., सांगली’ असं वाचत आपण मोठ्या झालो. सासूचा जाच, नवऱ्याचं व्यसन, मूल होत नाही म्हणून चाललेली टोचणी, हे सगळं त्या तीन अक्षरांआडून बाहेर आलं. पूर्ण नावपत्ता संपादकाकडे, छापायला फक्त अ. ब. क.! एवढं साधं दार ठेवलं म्हणून कितीजणींनी मन मोकळं केलं असेल.

मला वाटलं, हाच तोडगा. छापताना नाव नको, पण संपादकाला ठाऊक हवं. फलकावर चिठ्ठी लावली : ‘पाकीट टाकणाऱ्या भगिनीनं फक्त संपादिकेला भेटावं, गुप्तता राखली जाईल.’ आठ दिवस गेले, कोणी आलं नाही. कशी येईल? माझ्या घराचा जिना चढताना कोण पाहत नाही? सांगलीच्या अ. ब. क.ला संपादक कधी भाजीवाल्याकडे भेटत नसतो. आमचं मंडळ म्हणजे चार इमारती!

मग नवव्या दिवशी भिशीची वही चाळताना माझी नजर ‘ळ’वर थांबली. वरची गाठ जरा मोठी, शेपटी आत वळलेली. चार पानांत तो ‘ळ’ मी वीस वेळा पाहिला होता.

पुढे काय केलं ते सांगते, पटेल न पटेल. मी कोणालाही बोलले नाही, त्यांनाही नाही. विचारू नये असं त्यांनीच लिहिलं होतं. ती पानं स्वतः टाइप केली, म्हणजे छापखान्यातही अक्षर कोणाला दिसू नये. एकतीस वर्षांची ‘पुष्कळ वर्षं’ केली, मुंजीचं ‘कार्य’ केलं. कारण त्यांचे यजमानही आमच्यातच राहतात, उत्सवात आरतीला पुढे असतात. त्यांची बाजू आम्ही विचारलेली नाही, तेव्हा त्यांच्याकडे बोट जाईल असा एक शब्दही ठेवणं बरं नव्हतं. ती खबरदारी बाईंच्याही हिताचीच होती. मग समितीत सांगितलं, “लेखिका कोण ते मला कळलं आहे. मजकुराची जबाबदारी माझी. काही झालं तर माझं नाव अंकावर आहेच.”

काकूंनी विचारलं, “खोटं असलं तर?”

मी म्हटलं, “खोटं असलं तर नुकसान कोणाचं होईल?”

काकू बराच वेळ हिशेबाची वही उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, “खाली ‘हितचिंतक’ असं काही घालू नका, एवढं पाहा.” आम्ही घातलं, ‘एक सभासद’. आणि काकूंच्याच सूचनेवरून त्या लेखाखाली चौकट टाकली : पगाराचं खातं आपल्या नावावर आणि पासबुक आपल्या हाती ठेवावं, बँकेत मोबाइल नंबर स्वतःचा द्यावा, वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे ते वर्षातून एकदा पाहावं, कोऱ्या चेकवर सही करू नये.

हळदीकुंकवाच्या दिवशी अंक वाटला. संध्याकाळ संपेपर्यंत तिघीजणी, वेगवेगळ्या वेळी, मला बाजूला घेऊन गेल्या. एक चप्पल घालता घालता, एक वाण देताना, एक जिन्याच्या वळणावर. तिघींचा प्रश्न एकच : “माझ्याबद्दल हे कोणी लिहिलं हो?” पाकीट टाकणाऱ्या बाई त्या तिघींत नव्हत्या.

त्या शेवटी आल्या. तिळगूळ दिला, घेतला. अंक उघडून पंधरावं पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, “पाककृतीत गुळाचं प्रमाण चुकलंय हं. अर्धा किलो तिळाला पाव किलो गूळ कसा पुरेल? वड्या नाही बांधल्या जायच्या.”

मी म्हटलं, “पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.”

“छापा,” त्या म्हणाल्या, “माझं नाव घालून छापलंत तरी चालेल.”