रक्तातला विळा

पावसाळ्यात हवेत गारठा आला की गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर असे पोर भेटते. सात-आठ वर्षांचे. गुडघे पोटाशी घेऊन रात्रभर विव्हळणारे. कुठे पडलेले नाही, मार लागलेला नाही. आजी म्हणते, वात आहे. शेजारी म्हणतात, बाहेरचे काही असेल. शाळेतल्या गुरुजींना वाटते, पोर कामचुकार आहे. पोर मात्र खोटे बोलत नसते. विळा त्याच्या रक्तातच असतो.

या आजाराचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. अतिशय बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनच्या घडणीत एक लहानशी चूक असते. प्राणवायू कमी पडला की पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते आणि अरुंद वाटेत अडकते. पुढे रक्त पोचत नाही. ठणका लागतो तो त्यामुळे. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्तक्षय आणि डोळ्यांतला पिवळेपणा. रक्तातले जंतू टिपणारी प्लीहाही लहानपणीच निकामी होते. प्रतिकारशक्ती अशी लंगडी झाली की न्यूमोनिया जिवावर बेततो.

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या सापडल्या. दोनच वर्षांनी अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवून दिले, की हा दोष एकाच पालकाकडून आलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे ज्या रानांत हिवतापाने माणसे मेली, तिथे हीच चूक ढाल ठरली. त्यात कुणाचे पाप नाही. शिवाय हा एकट्या आदिवासींचाही आजार नाही; विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आढळतो.

एकाच पालकाकडून दोष आलेला माणूस 'वाहक'. तो बहुधा ठणठणीत असतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. वाहकाचे लग्न निर्दोष रक्ताच्या माणसाशी झाले, तर मूल फार तर वाहक होईल. हा आजार त्याला होणार नाही.

एवढा साधा हिशेब आपण कसा वापरतो? मुलीच्या कार्डावर 'वाहक' असे दिसले की स्थळ परत जाते. मुलाचे कार्ड कुणी मागतच नाही. मग पुढच्या घरातली मुलगी तपासणीलाच जात नाही, आणि आजार लपून वाढतो. विचारायचे ते इतकेच, की दोघेही वाहक आहेत का? दोघांचे रक्त तपासल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. दोघेही निघाले, तरी गर्भाची तपासणी करता येते, निर्णय त्यांचा.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी ब्रिटनने जनुकीय उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. पाड्यावरच्या पोराला त्याचा काय उपयोग? त्याला हवे आहे भरपूर पाणी, थंडीत उबदार कपडा, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, लहानपणी पेनिसिलिन आणि लसी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया. हे सारे आपल्या आवाक्यातले आहे.

आणखी एक गोष्ट हवी, तिला तर पैसाही लागत नाही. पोर दुखते म्हणाले, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा.