शुभमंगल... सावधान!

प्रमोशन झालं, नाव झालं, लाइक्सचा पाऊसही पडला. मग रविवारी दुपारी एवढं रिकामं रिकामं का वाटतं?

माझी पहिली कव्हरस्टोरी छापून आली, त्या दिवशी मी पुण्यातल्या स्टॉलवरून पाच अंक उचलले. एक लगेच जालन्याला, आई-बाबांना कुरिअर केला. दिवसभर फोन वाजत होता. हा आनंद किती टिकला असेल? मोजून तीन दिवस! चौथ्या दिवशी मी दुसऱ्याच कुणाची तरी बायलाइन बघून जळत होते. म्हटलं, माझ्यातच काहीतरी गडबड आहे.

पण नाही, मी एकटी नव्हते. आंद्रे अगासीनं १९९२ मध्ये विम्बल्डन जिंकलं. २००९ साली आलेल्या ‘ओपन’ या आत्मचरित्रात तो चक्क कबूल करतो, की हरल्यावर जेवढं वाईट वाटतं, तेवढं जिंकल्यावर छान वाटत नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉयमधल्या २२ लॉटरी विजेत्यांना गाठलं. आसपासच्या साध्या लोकांपेक्षा ते काही फारसे सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादं मासिक चाळणं यातली त्यांची मजाच कमी झाली होती! मन प्रत्येक नव्या सुखाला सरावतं आणि पुन्हा पुढचं मागतं. जिममधल्या ट्रेडमिलसारखं, धावतोय खूप, पोचत कुठेच नाही. प्रसिद्धीत तर आणखी एक गोची. आनंदाचा रिमोटच लोकांच्या हातात! त्यांनी चॅनल बदललं, की आपण संपलो.

दिवाळीत घरी गेले, तर आजीनं धोशा लावला, “मला जांबला नेऊन आण.” घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ सालचा जन्म. ‘मनाचे श्लोक’ आपण शाळेत घडाघडा पाठ केलेत. त्यातल्याच एका श्लोकात समर्थ मनाला कामाला लावतात : पूर्ण सुखी माणूस शोधून तर दाखव! तेव्हा मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

आणि ती मंडपातली गोष्ट? ‘सावधान’ ऐकलं आणि छोटा नारायण पळाला. मंडपात सगळ्यांनीच तो शब्द ऐकला होता. अर्थ मात्र एकानंच घेतला. आपणही अप्रेझलच्या मंडपात नटूनथटून उभे असतो. पळून जायचं नाहीये हो, ईएमआय आहेत! पण हे आपल्याला खरंच हवंय का, एवढं तरी विचारावं.

मी विचारायला लागलेय. नवं काम आलं, की स्वतःला एकच प्रश्न : माझं नाव छापून येणार नसतं, तरी ही स्टोरी मी केली असती? उत्तर ‘हो’ असेल तर मजाच. ‘नाही’ असेल, तरी कधीकधी काम घेते, घरभाडं चुकत नाही ना! फक्त त्या कामाकडून पैसे घ्यायचे, सुख मागायचं नाही, एवढं ठरवलंय.

परतताना आजीला विचारलं, “माझी स्टोरी वाचलीस का गं?”

“वाचली की. बारीक झालीस त्या नादात. आधी जेव.”