उत्तर पडताळून पाहा!

पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने मंगळावर उतरणाऱ्या ‘स्कियापरेली’ या युरोपीय यानाचे क्षीण संदेश टिपले. पण यान उतरायला मिनिटभरही उरले नसताना ते एकाएकी थांबले.

असे का झाले? पॅराशूट उघडताच यानाला जोराचे हेलकावे बसले. फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण क्षणभर आपल्या कमाल मर्यादेवर अडकले. त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली, ती चक्क जमिनीच्या खाली! यान उतरले असे समजून त्याने पॅराशूट सोडून दिले. यान तेव्हा जमिनीपासून सुमारे ३.७ किलोमीटर उंच होते. ते मंगळावर आदळून फुटले.

त्याच अग्निबाणातून गेलेले जोडीदार यान त्यानंतरही कित्येक वर्षे मंगळाभोवती फिरत राहिले. अवकाशात धातू गंजवणारी हवा नसते. १९७७ साली निघालेल्या ‘व्हॉयेजर १’ने चाळीस वर्षांनंतरही संदेश पाठवले.

यान टिकते ते केवळ मजबूत धातूमुळे नव्हे. आलेले उत्तर संभवनीय आहे का, हे संगणकाने तपासले पाहिजे, अशी शिफारस चौकशीअंती झाली. गणिताचे गुरुजी तुम्हांला तरी दुसरे काय सांगतात?