ग्रीनलँडचं गोडं पाणी आणि आपला पाऊस

हेडफोन लावलेत ना? आजचा प्रश्न: ग्रीनलँडचा बर्फ वितळला तर आपल्याला काय फरक पडतो? समुद्राची पातळी वाढेल, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मिठात आहे.

अटलांटिक महासागरात विषुववृत्ताकडचं गरम, खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जातं. ग्रीनलँड-आइसलँडच्या आसपास ते आपली उष्णता हवेला देऊन टाकतं. थंड आणि वर खारट, म्हणजे जड. मग ते खाली बुडतं आणि खोलातून परत दक्षिणेला निघतं. या चक्राचं नाव 'एमॉक'. २००४ पासून २६.५ अंश उत्तरेवर उपकरणं लावून ते मोजतायत. सेकंदाला साधारण १.७ कोटी घनमीटर पाणी! जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी याचा दहावा हिस्सा भरत नाही. माझ्या कामाच्या भाषेत, हा पृथ्वीचा लोड बॅलन्सर आहे.

आता गोची बघा. ग्रीनलँडचा बर्फ म्हणजे गोडं पाणी. ते मिसळलं की वरचं पाणी हलकं होतं, बुडत नाही आणि चक्र मंदावतं. दुसरीकडे, समुद्रावरचा बर्फ निम्म्याहून जास्त ऊन परत पाठवतो. उघडं पाणी जेमतेम ६ टक्के. म्हणजे बर्फ गेला की ऊन मुरतं, आणि अजून बर्फ जातो. स्वतःलाच कॉल करणारं फंक्शन!

यात आपला पाऊस कुठे आला? विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उबदार गोलार्धाकडे झुकतो. उत्तर अटलांटिकला उष्णता कमी पोचली, की तो दक्षिणेकडे सरकतो. हे घडून गेलंय. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हे चक्र मंदावलं, युरोप गारठला आणि आशियातला मान्सून कमजोर झाला. चीनमधल्या गुहांत साठलेल्या चुन्याच्या थरांत त्याची नोंद आहे.

आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल म्हणतो, या शतकात चक्र मंदावण्याची दाट शक्यता आहे. २१०० च्या आधी ते एकदम कोसळणार नाही, पण याची खात्री 'मध्यम'. मध्यम खात्रीवर मी साधा कोडसुद्धा लाइव्ह करत नाही. तिथे निदान रोलबॅक तरी असतो. इथे तोही नाही.

म्हणून ग्रीनलँडची बातमी दिसली की स्क्रोल करून पुढे जाऊ नका. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या माणसांशी तिचा थेट संबंध आहे. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!